पाच जुने पीसी नेटवर्कवर जोडून व्हिडिओ एन्कोडिंगचं काम वाटून द्यायचंय, कसं करू?

गिरगावकर

नमस्कार मंडळी, मदत हवीय.

आमच्या चाळीच्या मंडळाकडे मिनीडीव्हीच्या कॅसेटी आहेत, दीडशेच्या आसपास. गणपतीत चाळीतल्याच पोरांनी बसवलेल्या एकांकिका, मिरवणुका, भजनं, हळदीकुंकू, एका वर्षी आलेलं शाहिरी पथक, असं १९९९ ते २००९ मधलं सगळं. त्यात दिसणारी निम्मी माणसं आता डोंबिवली, नालासोपारा, कुठे कुठे गेलीत, काही तर हयातही नाहीत. चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय, मंडळाची खोली रिकामी करून द्यायचीय, म्हणून आम्ही तिघाचौघांनी मिळून सगळ्या कॅसेटी फायरवायरने (कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर व्हिडिओ घ्यायची केबल) कॅप्चर करून घेतल्या. ते काम झालंय. सगळ्या एव्हीआय फाइली एका ४ टीबी डिस्कवर आहेत, तासाभराच्या कॅसेटची फाइल १३ जीबी, म्हणजे एकूण २ टीबी धरा.

आता अडलंय ते पुढचं. लोकांना मोबाइलवर, टीव्हीवर बघता येतील अशा एमपी४ करायच्यात (ह्यालाच एन्कोडिंग म्हणतात). सरळ कन्व्हर्ट केलं की कोणी नुसता हात हलवला तरी कडांना आडव्या रेषा येतात, मग एका मित्राने एव्हीसिंथ (स्क्रिप्ट लिहून व्हिडिओ सुधारायचं सॉफ्टवेअर) आणि त्यात चालणारं, ह्या रेषा काढणारं क्यूटीजीएमसी सांगितलं, ते लावून बघितलं आणि खरं सांगतो, चेहरे इतके स्वच्छ आले की बघणाऱ्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एका कॅसेटला चार-साडेचार तास लागतात. एकच मशीन दिवसरात्र चालू ठेवलं तरी महिना जाणार आणि खोलीची चावी त्याच्या आधी द्यायचीय.

एका ऑफिसने आम्हाला पाच डेस्कटॉप दिलेत, चौथ्या पिढीचे आय५, ८ जीबी रॅम, त्यांच्यावर विंडोज ११ चालत नाही म्हणून काढून टाकलेले. एक आठ पोर्टचा नेटवर्क स्विचही (सगळ्या पीसींच्या केबल जिथे जोडतात तो डबा) त्यांनीच दिला. मला हवंय ते असं की पाचही मशीन जोडायची आणि काम आपोआप वाटलं जावं, एकाचं संपलं की त्याने पुढची फाइल उचलावी, कोणी तिथे बसून राहायला नको. ह्याला सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? आणि एकाच फाइलचे पाच तुकडे करून पाचांना देणं बरं की प्रत्येकाला वेगळी अख्खी फाइल? खर्चाला हजार-दोन हजार जमतील, त्याच्यावर नाही.

---

केबलवाला_परळ

दादा, सॉफ्टवेअरचं नंतर, आधी केबल आणि स्विच बघा.

स्विच उलटा करा, खाली लेबलवर १०/१०० लिहिलंय की १०/१००/१००० ते वाचा (हा वेग आहे, सेकंदाला मेगाबिटमध्ये; १००० म्हणजे गिगाबिट). ऑफिसमधून काढलेला जुना माल बऱ्याचदा १०/१०० निघतो. शंभरवाल्यावर कॉपी सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे तुमची १३ जीबीची एक फाइल जायला १९-२० मिनिटं. गिगाबिटवर तीच फाइल दोन-सव्वादोन मिनिटांत जाते, डिस्कने साथ दिली तर.

दुसरं म्हणजे केबल. गिगाबिटला आठच्या आठ तारा लागतात. शंभरला चारच पुरतात. आपल्याकडे खूप ठिकाणी क्रिम्पिंग करणारा, म्हणजे केबलला कनेक्टर बसवणारा माणूस चारच तारा लावून देतो, किंवा एकाच केबलच्या दोन जोड्या पीसीला आणि उरलेल्या दोन दुसऱ्या कशाला तरी, लाइट लागतो, नेट चालतं, कोणाला कळतही नाही. मग स्विच गिगाबिट असला तरी लिंक शंभरवरच बसते. कनेक्टर पारदर्शक असतो, उजेडात धरून तारा मोजा. आणि प्रत्येक पीसीवर नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, १.० जीबीपीएस दिसलं पाहिजे, १०० एमबीपीएस दिसलं की ती केबल बदला. कॅट५ई दर्जाची केबल पुरते, कॅट६ च्या मागे लागू नका, एका खोलीत काय फरक पडणार.

तिसरं, ही मशीनं इंटरनेटला जोडूच नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुम्हाला इंटरनेट लागतंय कशाला. लागतील ती सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवरून टाका. राउटर नसला की आयपी आपोआप मिळत नाही, विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी पत्ता स्वतःच घेऊन टाकतं आणि मग कधी मशीन दिसतं कधी दिसत नाही. म्हणून प्रत्येकाला हाताने आयपी द्या, १९२.१६८.१०.१ पासून .५ पर्यंत, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा ठेवलात तरी चालतं. नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट करा नाहीतर फायरवॉल शेअरिंग अडवतो. शेअर करताना गेस्टवर ठेवू नका, ज्या मशीनला डिस्क लावणार त्यावर एक यूजर-पासवर्ड बनवा आणि बाकी चौघांवर तोच टाकून ठेवा. स्लीप सगळीकडे बंद. रात्री दोन वाजता मशीन झोपलं तर सकाळी हातात काही नसतं.

---

रेंडर_अंधेरी

केबलवाल्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण स्विचवर पैसे घालायच्या आधी एक साधं गणित करा, कारण नेटवर्क कधी आडवं येतं आणि कधी नाही हे त्या गणितावर ठरतं.

पाल डीव्हीची, म्हणजे आपल्याकडच्या मिनीडीव्हीची, एक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची असते, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३.६ एमबी. हे ठरलेलं आहे, चित्रात काहीही असो. तुमचं मशीन तासाच्या कॅसेटला सव्वाचार तास घेतंय म्हणजे त्याला सेकंदाला जेमतेम ०.८५ एमबी डेटा लागतोय. पाच मशीनचे मिळून सव्वाचार-साडेचार. शंभरचा स्विचही अकरा देतो. म्हणजे आजच्या घडीला तुमचं नेटवर्क अर्ध्याहून जास्त रिकामं राहणार आहे, अडतंय ते सीपीयूवर. ज्या कामात डेटा थोडा आणि हिशोब प्रचंड, ते काम वाटून द्यायला सगळ्यात सोपं, आणि तुमचं काम नेमकं तसंच आहे.

तुकडे की अख्खी फाइल, तर अख्खी फाइल. तुमच्याकडे मशीनं पाच आणि फाइली दीडशे, काम आधीच तुकड्यांत आहे, आणखी तोडून फायदा काही नाही, वर सांधे जुळवायचं काम वाढतं.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची अजिबात गरज नाही. टीडार नावाचं एक आहे, एक सर्व्हर आणि बाकी नोड अशी रचना, ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, पण ते मुख्यतः एफएफएमपेग आणि हँडब्रेक ह्या व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरांभोवती बांधलेलं आहे, त्यात तुमची एव्हीसिंथची स्क्रिप्ट बसवायला झगडावं लागेल. मी तुमच्या जागी असतो तर एक साधी बॅच फाइल (विंडोजला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची फाइल) लिहिली असती. पद्धत सांगतो, नीट वाचा कारण ह्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे.

शेअर केलेल्या डिस्कवर चार फोल्डर करा: बाकी, चालू, झालं, बिघडलं. चालू मध्ये प्रत्येक मशीनच्या नावाचा एक सबफोल्डर. सगळ्या एव्हीआय बाकी मध्ये. प्रत्येक मशीनवर तीच बॅच फाइल चालते, ती बाकी मधली पहिली फाइल घेते आणि चालू मधल्या आपल्या सबफोल्डरमध्ये मूव्ह करते. कॉपी नाही, मूव्ह. एकाच डिस्कवर मूव्ह करणं म्हणजे फक्त नाव बदलणं, १३ जीबी हलत नाहीत, क्षणात होतं, आणि दोन मशीननी एकाच वेळी तीच फाइल उचलायला हात घातला तर एकाचंच मूव्ह यशस्वी होतं, दुसऱ्याला एरर येते आणि ते पुढच्या फाइलकडे जातं. त्यामुळे कोणाला काय द्यायचं हे सांगणारा मुकादम लागत नाही. वेगवान मशीन आपोआप जास्त फाइली खातं, हळू मशीन कमी.

फाइल आपल्याकडे आली की ती मशीनच्या आतल्या डिस्कवर कॉपी करून घ्या, एन्कोड तिथेच करा. सरळ शेअरवरून वाचत बसलात आणि मधे कोणाचा पाय केबलला लागला तर चार तासांचं काम गेलं. एन्कोड झालं की एमपी४ आधी तात्पुरत्या नावाने झालं मध्ये पाठवा आणि पूर्ण पोचल्यावरच खरं नाव द्या, म्हणजे झालं मध्ये अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच दिसणार नाही. एन्कोडरने एरर दिली तर मूळ एव्हीआय बिघडलं मध्ये, आणि मशीन पुढे चालू.

लाइट गेली, मशीन हँग झालं, काहीही झालं तरी ती फाइल चालू मध्ये त्या मशीनच्या सबफोल्डरमध्ये पडून असते. उचलून परत बाकी मध्ये टाका, झालं. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती तेव्हा आमच्या इथे रांगेत नक्की काय पूर्ण झालं आणि काय अर्धवट राहिलं हे अशाच फोल्डरांवरून पाच मिनिटांत कळलं होतं.

हो, फोल्डरांची आणि फाइलींची खरी नावं इंग्रजी अक्षरांत, स्पेस न घालता ठेवा. बॅच फाइलमध्ये देवनागरी नावं कधी चालतात कधी प्रश्नचिन्हं होतात. कॅसेटला नंबर द्या आणि कोणत्या नंबरात कोणतं नाटक ते शीटमध्ये लिहा.

---

एडिटर_दादर

मी लग्नांचं एडिटिंग करते, आमच्याकडे तीन मशीनं आहेत म्हणून माझा अनुभव सांगते, तो तुमच्या उलट आहे आणि म्हणूनच उपयोगी पडेल.

माझं फुटेज सोनीचं फोरके, १०० एमबीपीएस, म्हणजे तासाला ४५ जीबी. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर वापरला की खऱ्या वेळेच्या चौपट वेगाने काम होतं, पण मग एकच मशीन सेकंदाला ५० एमबी ओढतं. दोन मशीनं झाली की गिगाबिट भरलं. तिसरं मशीन जोडून आम्हाला काहीच मिळालं नाही, उलट तिघंही एकाच हार्डडिस्कवर तुटून पडली की डिस्कचा वेग पार कोसळतो, कारण तिचं डोकं सारखं इकडून तिकडे पळत राहतं. आम्ही शेवटी वाटून घेणं सोडलं, आता एक मशीन एक्स्पोर्ट करतं आणि बाकीच्या दोघांवर एडिट चालू राहतं, ह्यातच खरा वेळ वाचला.

विकतच्या गोष्टींबद्दल: डाविन्ची रिझॉल्व्हमध्ये रिमोट रेंडरिंग आहे पण ते स्टुडिओ व्हर्जनमध्येच, फुकटवाल्यात नाही, शिवाय प्रोजेक्ट सर्व्हर लावायचा आणि सगळ्या मशीनना मीडियाचा पाथ सारखाच दिसायला हवा. अॅपलच्या कॉम्प्रेसरमध्येही काम वाटायची सोय आहे पण सगळे मॅक लागतात. तुम्हाला दोन्ही नकोत.

ग्राफिक्स कार्ड घ्या असं कोणी सांगेल, घेऊ नका. तुमचा वेळ एन्कोडमध्ये जातच नाहीये, तो रेषा काढण्यात जातोय आणि ते काम क्यूटीजीएमसी मुख्यतः सीपीयूवरच करतं. चौथ्या पिढीच्या आय५ मध्ये क्विक सिंक (चिपमधलाच झटपट एन्कोडर) आहे, पण इतक्या मेहनतीने जपलेलं फुटेज त्यातून काढू नका, एक्स२६४ ह्या सीपीयूवर चालणाऱ्या एन्कोडरनेच काढा. अगदीच वेळ नसेल तर एखाद्याचा नवा आठ कोरचा पीसी आठवडाभर मागून आणा आणि सहावा म्हणून रांगेत लावा, एकटा ह्या जुन्यांतल्या तिघांच्या तोडीचं काम करेल.

---

टेपवाला_मुलुंड

सगळं वाचलं, फार चांगलं काम करताय तुम्ही. पण मला त्या चार-साडेचार तासांचीच शंका येतेय.

एसडी (जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या) व्हिडिओला, चार कोरच्या आय५ वर, इतका वेळ जास्त आहे. एन्कोड चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू किती टक्के आहे बघा. एव्हीसिंथ स्वतःहून एकाच थ्रेडवर चालतं. चार कोर असले तरी स्क्रिप्ट एकाच कोरवर रखडते आणि एक्स२६४ तिची वाट बघत बसतो. एव्हीसिंथ प्लस वापरत असाल तर स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत प्रीफेच आणि कंसात ४ लिहा, म्हणजे ती चार थ्रेडवर चालेल. ६४ बिटचं व्हर्जन घ्या, प्लगइनही ६४ बिटचेच. ८ जीबी रॅम एसडीला पुरते. पाच मशीनं जोडायच्या आधी एका मशीनकडून पूर्ण काम करून घ्या, नाहीतर पाच मशीनं प्रत्येकी पाव ताकदीने चालतील आणि तुम्हाला वाटेल की काम वाटून दिलं.

आता फील्ड ऑर्डर. ह्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची बनते, एकात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. डीव्ही म्हणजे बॉटम फील्ड फर्स्ट, खालच्या ओळींचं फील्ड आधी. क्यूटीजीएमसीच्या आधी स्क्रिप्टमध्ये अस्यूम बीएफएफ स्पष्ट लिहा, प्रोग्रामच्या अंदाजावर सोडू नका. उलटं लागलं तर चित्र जागच्या जागी मागे-पुढे झटके मारतं. स्थिर शॉटवर हे कळत नाही, म्हणून तपासताना लेझीमचा किंवा ढोलवाल्यांचा शॉट शोधा, टिपरू किंवा हात वर-खाली जाताना फ्रेम एकेक करून पुढे न्या. हात एकाच दिशेने सरकत गेला तर बरोबर, पुढे जाता जाता मधेच मागे येतोय असं झालं तर फील्ड उलटे.

आउटपुट ५० फ्रेमचं ठेवा, २५ चं नको. प्रत्येक फील्ड म्हणजे वेळेतला एक वेगळा क्षण आहे, कॅमेऱ्याने ते सेकंदाला ५० टिपलेत. २५ केलंत तर अर्धे फेकलेत, आणि नाचात, मिरवणुकीत ते लगेच जाणवतं. एक्स२६४ ला सीआरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) १८ द्या आणि पाचही मशीनवर एक्स२६४, एव्हीसिंथ आणि प्लगइनची व्हर्जनं सारखीच ठेवा, एका मशीनवर सगळं नीट बसवलं की तोच फोल्डर जसाच्या तसा चौघांवर कॉपी करा.

आणि मूळ एव्हीआय डिलीट करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. एमपी४ ही बघायची प्रत आहे. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. कॅसेटींना मुंबईच्या हवेत बुरशी लागते, परत कॅप्चर करायची वेळ आली तर टेप आणि कॅमेरा दोन्ही साथ देतील ह्याचा भरवसा नाही.

---

गिरगावकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

टास्क मॅनेजर बघितला, सीपीयू ३० टक्क्यांच्या वर जातच नव्हता. प्रीफेच टाकलं, ६४ बिट केलं, आता ९० च्या वर आहे आणि तीच कॅसेट पावणेदोन तासांत झाली. लेझीमचा शॉट पण तपासला, हात सरळ जातोय.

बॅच फाइल माझ्या भाच्याने लिहून दिली, तीन मशीनवर लावलीय, आपापल्या फाइली उचलतायत, बघायला फार छान वाटतं. स्विच मात्र १०/१०० च निघाला. पाचही लावले की पुरेल का? आणि पाच मशीनं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावली तर चालेल का, खोलीत प्लगच दोन आहेत.

---

रेंडर_अंधेरी

आता गणित बदललं. पावणेदोन तासांत १३ जीबी म्हणजे प्रत्येक मशीनला सेकंदाला साधारण दोन एमबी, पाचांचे दहा. शंभरच्या स्विचची हद्द अकरा-साडेअकरा. काठावर आलात. डिस्क ज्या मशीनला लावलीय ते स्वतःचं काम नेटवर्कवरून घेत नाही, म्हणून खरं तर चारांचाच बोजा, आठ-साडेआठ, ढकलत नेलंत तर चालेल. पण कॉपी चालू असताना एन्कोड थांबलेलं असतं हे विसरू नका, चौघांनी एकदम कॉपी सुरू केली तर प्रत्येकाला १३ जीबी यायला सव्वा तास लागेल आणि तेवढा वेळ चारही सीपीयू रिकामे. म्हणून बॅच फाइलमध्ये अशी सोय करायला सांगा की एक फाइल एन्कोड होत असतानाच पुढची उचलून आत कॉपी व्हायला लागेल. आणि पाच मशीनं पाच वेगवेगळ्या वेळी सुरू करा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने, म्हणजे सगळ्यांच्या कॉप्या एकत्र पडणार नाहीत.

किंवा गिगाबिट स्विच आणा आणि ह्यातलं काहीच करू नका. तुमच्या बजेटमध्ये बसेल.

---

केबलवाला_परळ

स्विच आणाच. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चालत जा, दोन-तीन दुकानांत विचारा, पाच मशीनं आहेत तर आठ पोर्टचाच घ्या, पाच पोर्टचा लगेच भरतो. केबल तिथेच तयार क्रिम्प केलेल्या घ्या, फॅक्टरीच्या. डिस्क यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावा, जुन्या पीसीला पुढे बहुतेक यूएसबी २ असतात, त्यावर डिस्क तीस-पस्तीस एमबीच्या वर जात नाही.

बोर्डचं: चौथ्या पिढीच्या डेस्कटॉप आय५ चा टीडीपी (पूर्ण लोडवर चिप साधारण किती वॅट खाते तो आकडा) ८४ वॅट, बाकीचं धरून पूर्ण लोडवर एक मशीन सव्वाशे वॅट समजा, पाच म्हणजे सव्वासहाशे. घरातला छोटा प्लग ६ अँपिअरचा, २३० व्होल्टला १३८० वॅट. आकड्यात बसतं, पण जुन्या चाळीतली वायरिंग आणि पट्टीवाला स्वस्त बोर्ड ह्यांच्यावर दिवसरात्र इतका लोड नको. तीन मशीनं एका प्लगवर, दोन दुसऱ्यावर, बोर्ड जाड वायरचा घ्या आणि तासाभराने पिन काढून हात लावून बघा, गरम लागली तर तो सॉकेट सैल आहे, वापरू नका. यूपीएस एकच असेल तर डिस्कवाल्या मशीनला आणि स्विचला द्या. बाकीची बंद पडली तर एक-एक फाइल पुन्हा होईल, डिस्क लिहिता लिहिता गेली तर सगळंच. खिडकी उघडी, पंखा चालू, मशीनांची तोंडं भिंतीकडे नकोत. आतली धूळ आधी ब्रशने काढा, फॅन भरलेला असला की सीपीयू तापून स्वतःच वेग कमी करतो आणि तुम्ही नेटवर्कला दोष देत बसाल.

---

गिरगावकर

स्विच आणला, सगळीकडे १.० जीबीपीएस दिसतंय. पाचही चालू आहेत, ह्या हिशोबाने तीन दिवसांत सगळं होईल असं वाटतं.

आता एकच शेवटचं. २००३ ची एक एकांकिका आहे, तिच्यात काम केलेल्या एक आजी उद्या सकाळी गावी जातायत, कायमच्या. त्यांना ती पेनड्राइव्हवर द्यायचीय. तासाची कॅसेट आहे, रांग थांबवून फक्त हिलाच पाचही मशीन लावली तर लवकर होईल ना? त्याचे तुकडे कसे करायचे?

---

टेपवाला_मुलुंड

होईल, आणि अशा वेळीच तुकडे करावेत.

पण फाइल कापू नका. क्यूटीजीएमसी एक फ्रेम करताना आजूबाजूच्या फ्रेमही बघतं, फाइल कापून दिलीत तर कापलेल्या जागी त्याला शेजार मिळत नाही आणि सांध्यावर क्षणभर चित्र वेगळं दिसतं. त्याऐवजी अख्खी एव्हीआय पाचही मशीनवर कॉपी करा, गिगाबिटवर चारही प्रती दहाएक मिनिटांत होतील. स्क्रिप्ट सगळीकडे तीच, फक्त क्यूटीजीएमसीच्या ओळीनंतर आणि प्रीफेचच्या आधी ट्रिमची (कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंत हे सांगणारी) ओळ टाका. एव्हीसिंथ मागितलेल्याच फ्रेमवर काम करतं, म्हणजे बाकीच्या भागावर वेळ जाणार नाही आणि शेजारच्या फ्रेम हव्या तेव्हा मिळतील. तासाच्या २५ फ्रेमने ९०,००० होतात, क्यूटीजीएमसीनंतर १,८०,०००. पाचांना ३६,००० प्रत्येकी: पहिल्याला ० ते ३५,९९९, दुसऱ्याला ३६,००० ते ७१,९९९, असं पुढे. शेवटच्याला फाइलच्या खऱ्या शेवटापर्यंत द्या, कॅसेट बरोबर तासाची नसते.

सेटिंग सगळ्यांना एकच, सीआरएफवरच ठेवा, ठरावीक बिटरेट देऊ नका. मग पाचही तुकडे एफएफएमपेगच्या कॉन्कॅटने परत एन्कोड न करता जोडा, काही सेकंदांचं काम आहे. आवाज तुकड्यांत करू नका. एएसी (एमपी४ मधल्या आवाजाचा फॉरमॅट) प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा टाकतं, जोडल्यावर टक-टक ऐकू येतं आणि ओठ मागे-पुढे होतात. अख्ख्या एव्हीआयचा आवाज एका मशीनवर एकदाच काढा, दोन मिनिटं लागत नाहीत, आणि जोडलेल्या व्हिडिओला शेवटी लावा.

सगळं मिळून पाऊण तासात हातात येईल. देण्याआधी चारही सांधे बघा, १२, २४, ३६ आणि ४८ व्या मिनिटाला, प्रत्येकाच्या आधीनंतर पाच सेकंद, आवाज चालू ठेवून. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल घेत नाही, तुमची एमपी४ त्याच्या आत बसेल पण साइज बघून घ्या. त्यांच्या घरच्या टीव्हीला ५० फ्रेमचं चालतंय का हे रात्रीच एखाद्या जुन्या टीव्हीवर लावून बघा, अडलं तर त्यांच्यासाठी २५ ची एक वेगळी प्रत त्याच पेनड्राइव्हवर टाका.

---

गिरगावकर

रांग थांबवली, कॉपी चालू केलीय. भाचा ट्रिमच्या ओळी टाकतोय. सांधे तपासून इथे कळवतो.